झाडलेले अंगण आणि दुसरी भट्टी

अक्षय्य तृतीया: पोलाद कारखान्याच्या व्यवस्थापकांनी ग्रामसभेत शब्द दिला की, धूळ गाळणाऱ्या जुन्या यंत्रणेची क्षमता पोळ्याच्या आत वाढवू. पोळा: यंत्रणा तीच, सरपंचांनी वाढीव मुदत परस्पर मान्य केली. दसऱ्याची आदली सकाळ: प्रदूषण तपासणारे अधिकारी आले आणि ‘धूळ आढळली नाही’ असा अहवाल देऊन गेले. माझ्या मते जबाबदार हे तिघे.

मानोरा तालुक्यातील आमच्या गावालगत हा कारखाना भंगार वितळवतो. भट्टी एक होती तेव्हा धूर ओढून कापडी पिशव्यांतून गाळणारी ती यंत्रणा पुरत असे. पुढे दुसरी भट्टी बसली. परवानगीतील अट स्वच्छ होती: गाळण्याची क्षमता वाढवल्याखेरीज ती पेटवू नये. भट्टी पेटली, पिशव्या तेवढ्याच राहिल्या. आता भंगार आत पडले की तांबूस धूर पत्र्यांच्या फटींतून निघतो आणि आमच्या तुरीवर, गच्च्यांवर उतरतो. माझ्या पत्नीला दमा आहे. दुसरी भट्टी आल्यापासून ती आडवी होऊ शकत नाही. भिंतीला टेकून, बसूनच झोपते.

तपासणीची मागणी माझीच. अधिकाऱ्यांनी येण्याचा दिवस आधी कळवला आणि सरपंचांनी तो गावभर केला. मी घरोघरी बजावून आलो की, कोणी काही झाडू नये. सकाळी पाहतो तो गल्लीभर सडे, धुतलेले ओटे, रांगोळ्या. आमच्या दारी पत्नी धापा टाकीत तुळशीचे एकेक पान पुसत होती.

“हे काय करून राह्यली तू? हाच तर पुरावा होता.”

“पावना दारात येऊन राह्यला, अन् आंगण असं ठेवू? लोक काय म्हणतीन?”

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “भाऊजी, सायबाले धूळच पाहाची असन, तर वहिनीच्या छातीत पाहा म्हणा.”

पत्नी हसली, आणि त्या हसण्यातूनच तिला खोकल्याची उबळ आली. मी तिला भिंतीला टेकवून बसवले.

अधिकाऱ्यांनी चहा घेतला, गावाच्या स्वच्छतेची तारीफ केली. दुसरी भट्टी त्या दिवशी ‘देखभालीसाठी’ बंद होती. संध्याकाळी ती पुन्हा पेटली.

अहवाल मी घरात वाचून दाखवला, तेव्हापासून पत्नी म्हणते, “माह्याच हातानं पुसलं ना मी.” हे मला मान्य नाही. अंगण झाडणे हा कोणत्याही कायद्याने अपराध नाही. अट मोडून भट्टी पेटवणे आहे. येण्याचा दिवस आधी कळवून, बंद भट्टीसमोर उभे राहून हवा शुद्ध ठरवणे, हे कर्तव्यही नव्हे.

म्हणून माझी मागणी एवढीच. अधिकाऱ्यांनी पुढच्या ग्रामसभेत यावे, माझी पत्नी पहिल्या रांगेत बसलेली असेल, आणि तिच्याकडे पाहून सर्वांसमक्ष सांगावे: दुसरी भट्टी कोणाच्या परवानगीने जळते आहे?