जेवणाच्या सुट्टीतला स्कॅन

पोटाच्या स्कॅनची फेलोशिप करणाऱ्या डॉक्टरीणबाई आमच्या विभागात सगळ्यांत हळू. बाकीचे दिवसाला चाळीस स्कॅन हातावेगळे करतात, यांचे पंधरा होताना मारामार. सर सगळ्यांदेखत खडसावतात, तरी एक स्कॅन वाचून झाला की या तोच पुन्हा पहिल्यापासून बघतात.

कारण मला ठाऊक आहे. मी इथला जुना टेक्निशियन. दोन वर्षांपूर्वी, फेलोशिपच्या आधी, बाई इथंच साधे रिपोर्ट लिहायच्या. त्यांच्या दादाचं पोट दुखत होतं, स्कॅन मीच काढला. मूत्रपिंडात खडा दिसला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. "अरे दादा, खडाच आहे, पाणी ढोस," असं त्यांनी हसत फोनवर सांगितलं. खडा सापडला म्हणून पुढं बघितलंच नाही. स्वादुपिंडाच्या टोकाला मुगाएवढा डाग होता, कॅन्सरचा. वर्षभरात दादा गेला.

रोज जेवणाच्या सुट्टीत बाई तोच स्कॅन उघडून बसतात. डबा तसाच राहतो. आज त्यांनी मला बोलावून विचारलं, "खरं सांगा काका, तुम्हाला तरी हा दिसला असता का?"

"छे हो, मला कुठलं त्यातलं कळतंय!"

साफ खोटं बोललो. वीस वर्षं मशीनवर बसतोय, मला तो त्याच दिवशी दिसला होता. पण इथं टेक्निशियननं तोंड उघडलं की "तू डॉक्टर आहेस का?" असं ऐकावं लागतं. म्हणून मी मुकाट्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली होती.