वाट नसलेलं घर

हिवाळे सिस्टरना मी पहिल्यांदा पाहिलं ते शिडीवर. लग्न होऊन मी जुन्या जालन्यात आले, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. अंगणात ज्वारी निवडत बसले होते. वर माळवदावर पावलं वाजली आणि आमच्याच लाकडी शिडीवरून पन्नाशीच्या एक बाई खाली उतरू लागल्या. पांढरं स्वच्छ पातळ, निऱ्या एका मुठीत गोळा केलेल्या, खांद्याला दवाखान्याची पिशवी. खाली आल्यावर त्यांनी पिशवीतून चपला काढल्या, पायांत घातल्या आणि माझं उघडं तोंड बघून म्हणाल्या, "घाबरू नको बाई. चोर न्हाई मी. मागच्या घराची मालकीण हाये." आणि झपाझप ड्यूटीवर निघून गेल्या.

आम्ही त्या घरात भाड्यानं राहत होतो. घरमालकीणबाईंनी मला सगळा उलगडा केला. सिस्टरचं घर आमच्या घराच्या पाठीला लागून होतं, पण त्याला रस्ता नव्हता. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती, मागे आमची भिंत आणि पुढे माणिकरावांचं घर. गल्लीत यायचं तर माणिकरावांच्या अंगणातून यावं लागे, आणि त्या अंगणाचं मागचं दार माणिकरावांनी आतून कडी घालून बंद केलं होतं. म्हणून सिस्टर आपल्या अंगणातल्या शिडीनं आमच्या माळवदावर चढत आणि आमच्या शिडीनं उतरत. घरमालकीणबाईंची सगळी बाळंतपणं सिस्टरच्याच हातची, त्यामुळे त्यांची ना नव्हती.

भोकरदनकडच्या एका खेड्यातून शिकून नर्स झालेली ही बाई. लग्न लवकर मोडलं, मूलबाळ नाही. बरीच वर्षं दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये काढली. रिटायर झाल्यावर भाडं यावं, म्हणून हे दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. पण त्यामागे आणखी एक कारण होतं, ते त्यांनी मला पुढे सांगितलं. "खोली मागायला गेलं की लोक आधी आडनाव विचारतेत, मंग गाव विचारतेत, मंग म्हणतेत, कालच दिली. म्हनलं, एक घर माझ्या नावावर पायजे. तिथं मी कोणाला आडनाव विचारणार न्हाई."

घर स्वस्तात मिळालं होतं. विकणारी म्हातारी एकटी होती, मुलीकडे परभणीला जाणार होती. तिनं सगळी हयात माणिकरावांच्या अंगणातून ये-जा केली होती, त्यामुळे वाटेचा विचार कुणाच्या मनातच आला नाही. खरेदीच्या कागदात लिहिलं ते एवढंच, की पूर्वेला माणिकरावांचं घर. सिस्टरनी सही केली. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी त्या ड्यूटीवरून घराकडे चक्कर मारायला आल्या, तर दार बंद. माणिकराव ओट्यावर पान खात बसले होते. ते घर आज ना उद्या आपल्यालाच फुकटाच्या भावात मिळणार, असं त्यांनी धरून ठेवलेलं होतं. शिवाय, "आमच्या तुळशीसमोरून आता कोणीही जाणार का?" असंही ते गल्लीत बोलून दाखवत.

तेव्हापासून सिस्टर अडकल्या. वाट नसलेल्या घरात भाडेकरू कोण येणार? विकायचं तर गिऱ्हाईक एकच, तो म्हणजे माणिकराव. तसंच टाकून क्वार्टरमध्येच राहावं, तर रिकाम्या घराचा ताबा जायची भीती. मग त्यांनी क्वार्टर सोडली आणि त्या स्वतःच तिथं राहायला आल्या. जे घर त्यांना पोसणार होतं, त्याची राखण करत बसल्या. कोर्टात दावा लावला. तारखा पडत राहिल्या.

याच बाईंना गल्लीतले, दवाखान्यातले लोक घराबद्दल सल्ला विचारत, याचं मला पहिल्यांदा नवल वाटे. नवी नोकरी लागलेले मास्तर, कंपाउंडर, बदनापूरहून रोज रेल्वेनं ये-जा करणारे कारकून, कुणीही घराचं नाव काढलं की सिस्टर त्यांना समोर बसवून घेत. "चतुःसीमा वाचायची नसती, चालायची असती. कागद घरी ठेव आणि चारी बाजूंनी पायानं फिर." "सस्तं दिसलं की आधी इचार, आजपर्यंत कोणी का न्हाई घेतलं?" "विकणाऱ्याच्या बहिणी कुठं दिल्यात ते बघ. भाऊ सही करतेत, बहिणी नंतर उगवतेत." "सगळा पैसा खरेदीत घालू नको. माळवद पावसाळ्यात खर्चा मागतंच." आणि भाड्यानं देणाऱ्याला त्या हमखास सांगत, "भाडं बघू नको, भाडेकरू बघ." ओल्या बाळंतिणीच्या नवऱ्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. बाळ त्याच्या हातात देता देता म्हणाल्या, "आता घर बघशील. पण जल्दी करू नको. नऊ म्हैने तर लागतेतच."

लोक हसत. सिस्टरही हसत. पण उन्हाळ्यात दुपारी माळवद तापलेलं असताना त्या अनवाणी पायांनी धावत आमच्या शिडीकडे येत, तेव्हा कुणाला हसू येत नसे.

माणिकरावांची बायको, कौसाकाकू, गरीब स्वभावाची होती. तिच्या मुली लग्न होऊन दूर गेल्या होत्या. माणिकराव दुकानात गेले की ती हळूच कडी काढी आणि दाराच्या फटीतून म्हणे, "सिस्टर, जा आता. हे दुकानात गेलेत." एकदा मी माळवदावर पापड वाळत घालत होते, तेव्हा हे माझ्या कानांवर पडलं. खालून सिस्टरचं उत्तर आलं, "न्हाई कौसाबाई. लावून घ्या दार."

मी नंतर विचारलं, "अहो, आपणहून उघडतात तर जायचं ना! गुडघे बघा तुमचे."

त्या म्हणाल्या, "वकिलानं बराबर सांगितलंय. म्हातारी त्या वाटंनं उजळ माथ्यानं जात होती, म्हणून ती वहिवाट. मी लपून, कोणाच्या मेहरबानीनं गेले, तर उद्या हेच म्हणतील की आम्ही जाऊ देत होतो म्हणून जात होती. मेहरबानी घेतली की हक्क जातो."

"मग आमच्या शिडीवरून?"

"तुमच्यावर माझा हक्कच न्हाई. तिथं मेहरबानी चालती."

त्या उन्हाळ्यात सिस्टरच्या शिडीची एक पायरी तुटली. दुपारची वेळ होती. त्या माळवदाच्या काठापर्यंत पोचल्या होत्या, तिथून खाली त्यांच्याच अंगणात पडल्या. आवाज ऐकून मी वर धावले. त्या फरशीवर पडल्या होत्या आणि पाय गुडघ्याखाली भलताच वळला होता. कशीबशी मी खाली उतरले. मागोमाग आमचे हे आणि गल्लीतले दोघं उतरले. पण त्या पायानं त्यांना शिडीवरून वर नेणं शक्यच नव्हतं. एकच मार्ग होता. यांनी माणिकरावांच्या मागच्या दारावर थापा मारायला सुरुवात केली.

माणिकराव जेवायला घरी आले होते. गल्लीतले लोकही तोवर पुढच्या बाजूनं त्यांच्या अंगणात जमले. दाराच्या पलीकडून माणिकरावांचा आवाज आला, "उघडतो ना. मी काय राक्षस हाये? पण मी माझ्या मेहरबानीनं उघडून राह्यलो, एवढं चार जणांनी ध्यानात ठेवा."

सिस्टरनी डोळे उघडले. ओठ पांढरे पडले होते. त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "मंग राहू द्या बंद."

"सिस्टर, असं काय करता!" मी रडायला लागले. "पाय जाईल तुमचा."

"जाऊ दे. बंद राहू दे म्हणावं."

त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी मनगटात रुतली. यांनी विनवलं, सगळ्यांनी विनवलं. पलीकडे माणिकराव हटेनात आणि अलीकडे सिस्टर. त्या चार भिंतींत ऊन कोंडलं होतं आणि आम्ही सगळे त्यांच्याबरोबर कोंडलो होतो. दार मोडायचं का, असं कुणीतरी विचारलं. त्यावर सिस्टरनी नुसती मान हलवली.

मग कडी सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं. कौसाकाकू उभी होती. डोक्यावरचा पदर घसरला होता, हाताला कणीक लागलेली. नवरा मागे, गल्ली मागे. ती कुणाकडेही न बघता मोठ्यानं बोलली. तिचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी कधीच ऐकला नव्हता. "मेहरबानी कशाची? मी लग्न होऊन आल्ते तवापासून म्हातारी याच वाटंनं पाण्याला जात होती. ही वाट हायेच. सिस्टरची हाये."

सिस्टरनी तेव्हा कुठं माझा हात सोडला. त्यांना बाजेवर घातलं आणि त्या अंगणातून, तुळशीसमोरून, बाहेर नेलं.

एवढ्या लोकांदेखत घरच्याच माणसानं बोलल्यावर माणिकरावांना कोर्टात तोंड राहिलं नाही. तडजोड झाली, वाट कागदावर चढली. सिस्टरचा पाय मात्र वाकडाच जुळला. आणि कौसाकाकूला नवऱ्यानं सांगितलं, "एवढी माया हाये तर तिच्याकडंच जाऊन राह्य." तो रागाच्या भरात बोलला असेल; पण काकू गेली. माहेरी कुणी उरलं नव्हतं. सिस्टरनी पुढची खोली तिला दिली. लोकांनी भाड्याचं विचारलं तर म्हणत, "ठरवलंय आम्ही दोघींनी. तुम्हाला काय करायचंय?"

काकू सुटली, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण पाण्याला जायचं तर तिला रोज त्याच अंगणातून, ओट्यावर बसलेल्या नवऱ्यासमोरून जावं लागे. दोघंही एकमेकांशी बोलत नसत. ती खाली मान घालून घागर नेई. सिस्टर दारात काठी धरून, ती परत येईपर्यंत उभ्या राहत.

पुढे यांची घनसावंगीला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा सिस्टर बाजेवर पाय सोडून बसल्या होत्या. आम्हीही कधीतरी घर घेऊ, तेव्हा काय बघू, असं मी विचारलं. मला वाटलं, चतुःसीमा सांगतील. त्यांनी पाणी भरायला गेलेल्या काकूच्या रिकाम्या खोलीकडे बघितलं.

"घर बघायला गेलीस ना, तर पुरुषमाणसं बोलू देत भिंतीचं न् भावाचं. तू आत चुलीपाशी जाऊन बस. त्या घरातल्या बाईला इचार, की बाई, तुला विकायचंय का?"

सिस्टर गेल्याचं मला वर्षभरानं, जालन्याहून आलेल्या एका शिक्षिकेकडून कळलं. शेवटपर्यंत कौसाकाकूनंच त्यांचं सगळं केलं होतं.

त्याच वर्षी आम्ही घनसावंगीत एक घर बघायला गेलो. चांगलं दगडी घर, दारात रस्ता, मागे विहीर, आणि किंमत आमच्या आवाक्यातली. यांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. घरमालक मोठ्या उत्साहानं बोलत होते. मी आत गेले. त्यांची बायको चुलीपुढे चहा करत होती. मी तिच्याजवळ बसले आणि सिस्टरनी सांगितलेलं विचारलं.

ती चुलीतल्या जाळाकडे बघत राहिली. चहा उतू गेला, तरी तिनं भांडं खाली उतरवलं नाही. मीच पदरानं धरून ते उतरवलं.

बाहेर आले तेव्हा हे मला खुणेनं विचारत होते. मी चप्पल पायांत घातली आणि म्हटलं, "चला. हे घर नको."