जिजीचा चिरा

साठ सालच्या शिमग्यानंतर माझ्या नवऱ्याने व्हाळात कुजत घातलेली नारळाची सगळी सोडणं, म्हणजे वरची सालं, स्वतः बाहेर काढली. ती घालायला मी सांगितलं होतं. काढायला जिजीने सांगितलंही नव्हतं.

जिजी ही त्याची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. आमचं घर कट्टा गावाच्या अलीकडे, व्हाळाच्या काठाला, आणि सगळी वाडी या ओढ्याचंच पाणी पीत असे. काठावर जिजीने जांभ्याचा एक चिरा रोवला होता. चिऱ्याच्या वर प्यायचं पाणी, खाली धुणं, त्याच्याही खाली गुरं. कुणी वर धुणं घेऊन बसली तर ती ओरडत नसे. शेजारी जाऊन बसे आणि विचारी, "आज घराक काय पितलंस गो?" बाई उठून खाली जाई.

माझ्या शब्दावर असं कुणी उठत नसे. नवरा बाजारातून आला की उंबऱ्यातूनच विचारी, "जिजी खंय आसा?" समोर मी उभी असे. मासळी आधी तिला दाखवली जाई, मग माझ्या विळीपाशी येई.

सुंभाचा धंदा मी सुचवला. काथ्या सुटायला सोडणं काही महिने पाण्यात कुजवावी लागतात. लोक ती खाडीच्या चिखलात पुरत. पण खाडी दूर होती. मी म्हटलं, चिऱ्याच्या वरच्या डोहात घाला, दारातच आहे. जिजीला न विचारता त्याने केलेली ती पहिली गोष्ट. त्या दिवसांत मी घरात मोठ्याने बोलत असे.

उन्हं वाढली, धार बारीक झाली आणि डोह काळा पडला. लहान मासे उलटे तरंगू लागले. बायका हंडे घेऊन लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या. जाता जाता एक म्हणाली, "पाण्याक तुझ्या घोवाचो वास येता गो." बाकीच्या हसल्या.

जिजी आम्हाला विहिरीचं पाणी आणून देई. स्वतःचा तांब्या मात्र व्हाळावरच भरी. नवऱ्याने हात धरला तेव्हा एवढंच म्हणाली, "तू सोडणा घाल रे बाबी. मी ह्याच पाणी पितलंय." काही दिवसांत तिला जुलाब लागले आणि ती अंथरुणावर पडली. त्याच संध्याकाळी तो डोहात उतरला. आदल्या पावसाळ्यात मी तापाने पडले होते, तेव्हा त्याने कुडाळचा बाजारही चुकवला नव्हता.

बरी झाल्यावर जिजी मला म्हणाली, "वयनी, माका विचारूचा तरी. खाडीत जागा गावली आसती." ओळखीच्या एका गाबीत, मासेमारी करणाऱ्या घराकडे शब्द टाकून तिने ती मिळवूनही दिली. सोडणं खाडीत गेली, धंदा चालला. बाजारात आमच्या मालाला जिजीचं सुंभ म्हणत.

जिजी काही वर्षांनी, पावसाच्या तोंडावर गेली. तिचं बारावं झालं आणि शेजारची नवी सून चिऱ्याच्या वर कपडे घेऊन बसलेली मला दिसली. मी म्हटलं, "हयसर नको गो, खाली जा."

ती कपडे गोळा करत म्हणाली, "जातंय. जिजीन सांगलेला माका."

ती चिऱ्याच्या खाली जाऊन बसली.