पुस्तकातल्या बाईचं माप

विणकामाचं पुस्तक कोणी समोर धरलं की जिजी आधी ते पालथं घालायची. मग चष्मा कपाळावर ढकलून समोरच्या बाईला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायची आणि म्हणायची, "पुस्तकनी बाई पुस्तकमा ऱ्हास. तू आठे शे. ऊठ." आठे म्हणजे इथे.

शहाद्याच्या आमच्या गल्लीत सगळे तिला जिजीच म्हणत. तिचं नाव मी सांगणार नाही, नाव छापून आलेलं तिला आवडलं नसतं. आमची घरं समोरासमोर. मी शाळेत शिकवायची आणि ती ओट्यावर बसून विणायची. तुम्ही विचाराल, खानदेशात लोकर कशाला? आमच्याकडे थंडी ही दोन महिन्यांची पाहुणी, हे खरंच. पण जिजी तिच्या सरबराईला भर वैशाखात लागायची. मांडीवर लोकर, अंगाला घामाच्या धारा आणि पंखा बंद, कारण वाऱ्याने गुंडा घरंगळतो.

लोकर नंदुरबारहून यायची. तिचं नेहमीचं दुकान मिरचीच्या बाजाराजवळ होतं, त्यामुळे नवा स्वेटर अंगात घातला की माणूस आधी दोन-चार शिंका द्यायचा. "तो मन्हा शिक्का शे," असं जिजी वर ऐकवायची.

तिच्याकडे टेप होता, पण त्याच्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. माप घ्यायचं तर ती माणसाला कामाला लावायची. घरातल्या बाईला पिठाशिवायच भाकरी थापायला लावायची, बाही किती वर सरकते ते बघायची आणि बाहीची लांबी ठरवायची. शेतात जाणारीला वाकून कापूस वेचायला लावायची. ओट्यावर नसलेला कापूस वेचणारी बाई आणि रस्त्यात थांबून बघणारे रिक्षावाले, हा आमच्या गल्लीतला नेहमीचा देखावा. विणताना एक टाका चुकला तर जिजी अख्खी बाही उसवायची आणि पुन्हा पहिल्यापासून विणायची.

साखर कारखान्यातले एक भाऊसाहेब आडव्या पट्ट्यांचा नमुना घेऊन आले. जिजीने त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि पुस्तक पालथं घातलं.

"भाऊसाहेब, आडवं तुमनं पोटच भलतं शे. पट्टी उभी टाकू."

तिने पुढून उभ्या वेण्या घातल्या, पोटाशी टाके वाढवले, खांद्याशी घटवले. भाऊसाहेब तो घालून घरी गेले तर बायको घाबरली. "तब्येत बरी शे ना तुमनी? वाळी गयात!" त्या वर्षी त्यांनी तो स्वेटर होळीपर्यंत अंगावरून उतरवला नाही.

आता माझं सांगते. लहानपणी कळसाडीला मी कापसाच्या गाडीवरून पडले होते. हाड बसवणाऱ्याने हाड बसवलं, पण त्याच्या मनाला येईल तिथे. तेव्हापासून माझा डावा खांदा दोन बोटं खाली आहे. लग्न झालं, नोकरी लागली, तरी मी दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन तो झाकत राहिले. शाळेत कोणाला माहीत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

माझं माप घेताना जिजीने हातात खडू दिला आणि भिंतीवर लिहायला लावलं. उजवा हात वर गेला, तसा पदर घसरला. मी तो घाईघाईने ओढून घेतला. जिजीने सगळं पाहिलं होतं; तिने मला फक्त आणखी एक ओळ लिहायला लावली. महिन्याभराने पुढून बटणांचा, गर्द निळा स्वेटर तयार झाला. डाव्या बाजूला ओळी कमी, खांद्याचा उतार निराळा, गळा किंचित वळवलेला. तो घातला आणि जन्मात पहिल्यांदा अंगावरचा कपडा मला कुठे ओढेना. मी आरशासमोर बराच वेळ उभी होते. तरी शाळेत जाताना वरून पदर घेतलाच.

पुढच्या वर्षी नंदुरबारला बायकांच्या हस्तकलेची स्पर्धा होती. जिजीने कधी नव्हे ते भाग घ्यायचं मनावर घेतलं. "बाई, तुन्हा स्वेटर दे. त्यानापेक्षा चांगलं मी काहीच इनेल नही." कोणाचा स्वेटर ते कोणाला कळणार, असा विचार करून मी दिला आणि तिच्याबरोबर गेलेही.

परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या. त्यांनी स्वेटर उचलला, बरोबर मधोमध घडी घातली आणि खांद्याला खांदा लावला. कडा जुळल्या नाहीत. त्यांनी तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "हात छान आहे हो. पण दोन्ही बाजूच सारख्या नाहीत. ही तर पहिल्याच पायरीची चूक."

मागे कोणीतरी हसलं. मी जिजीच्या पाठीशीच उभी होते. हिचा खांदाच तसा आहे, एवढं ती म्हणाली असती तरी काम झालं असतं. जिजीने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"चुकनं व्हई, बाई," ती म्हणाली. "आते डोयासले दिसत नही."

एका टाक्यासाठी बाही उसवणारी बाई भरल्या मांडवात आपल्या हाताला बोल लावून घेत होती, माझ्यासाठी. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी पुढे झाले, पदर खाली घेऊन कमरेला खोचला, बाईंच्या हातातून स्वेटर घेतला, घातला आणि सगळी बटणं लावून सगळ्यांसमोर हळूहळू एक गिरकी घेतली.

"ही चूक नाही," मी म्हणाले. "हे माझं माप आहे."

परीक्षक बाई माझ्याभोवती फिरल्या. खांद्याच्या शिवणीवरून त्यांनी बोट फिरवलं. "मी घडी घालून बघायला नको होतं," असं त्यांनी कबूल केलं. निकाल मात्र आधीच लिहून झाला होता आणि पहिलं बक्षीस हंसांच्या जोडीच्या टेबलक्लॉथला गेलं. पण त्या दुपारी बायकांनी गराडा घातला तो जिजीला. हंस बिचारे एकटे पडले.

परतीच्या बसमध्ये ती माझ्यावरच चिडली. "कसाले दखाडं सगळासले? माले चालतं ना!"

"आनि तू खोटं बोलनी ते?"

"तू झाकस म्हनीसन मी तोंड बंद ठेवं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पन मी झाकाकरता नही इनं व्हतं, माय." बस मिरचीच्या बाजारावरून चालली होती; तिने डोळ्याला पदर लावला आणि मिरच्यांच्या नावाने बोटं मोडली. तिच्या शेजारी बसून मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा नोकरीतल्या कुठल्याच दिवशी वाटला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पदर एकाच खांद्यावर घेऊ लागले.

जिजीला जाऊन दोन हिवाळे झाले. तिचा ओटा आता रिकामा असतो. गेल्या जानेवारीत मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी तो निळा स्वेटर घातला होता. सगळ्यांच्या मधोमध मला खुर्ची दिली आणि फोटोवाला म्हणाला, "मॅडम, डावा खांदा जरा वर घ्या."

"तो तिथेच असतो," मी म्हणाले. "काढा."

शाळेत गेलात तर ऑफिसबाहेरच्या भिंतीवर तो फोटो बघा. माझा डावा खांदा चांगला दोन बोटं खाली दिसतो, आणि स्वेटरवर एकही सुरकुती नाही.