क्रेनदीदीच्या चार आवृत्त्या

नववीत असताना जीवशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर मी एक बाई काढली. अंगात निळा ओव्हरऑल, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि उजव्या तळहातात चुंबक. ती पोलाद कारखान्यात क्रेन चालवायची आणि कुठे संकट आलं की केबिनमधून थेट आकाशात झेप घ्यायची. तिचं नाव मी क्रेनदीदी ठेवलं. भिलाईतल्या रिसालीच्या आमच्या घरात मराठी चालायची, पण मैत्रिणी सगळ्या हिंदी वाचणाऱ्या, म्हणून क्रेनदीदीही हिंदीच बोलायची.

क्रेन मला घरातच मिळाली होती. बाबा भंडाऱ्याकडचं शेत सोडून भिलाईला आले आणि कारखान्याच्या भंगार यार्डात चुंबकाची क्रेन चालवू लागले. बटण दाबलं की मोडक्या लोखंडाचा ढीग कसा उडी मारून वर चिकटतो, हे ते जेवताना हात उंचावून दाखवायचे. अशी ताकद एखाद्या बाईच्या हाताला असती तर काय मजा आली असती, असं मला वाटायचं.

पहिला अंक सोळा पानांचा. संवाद शेजारच्या मैत्रिणीने लिहिले. बाजारातल्या झेरॉक्सवाल्या काकांनी दहा प्रती काढल्या आणि एक पान काळंकुट्ट आलं म्हणून ते आपणहून पुन्हा काढून दिलं. रेल्वे फाटकात अडकलेली स्कूल बस क्रेनदीदी एका हाताने उचलते, अशी ती गोष्ट. प्रती वर्गात फिरल्या. तिसऱ्या दिवशी गणिताच्या बाईंनी एक जप्त केली आणि मला स्टाफरूममध्ये बोलावलं. मी रडवेली होऊन उभी राहिले.

बाईंनी विचारलं, "बस में ड्राइवर नहीं था क्या? उसका क्या हुआ?"

ड्रायव्हर काढायलाच मी विसरले होते. बाईंनी अंक परत दिला. दुसऱ्या अंकाची सुरुवात मी त्या ड्रायव्हरपासून केली.

बारावीपर्यंत असे सहा अंक झाले. मग त्याच मैत्रिणीने सहावा अंक रायपूरच्या एका मुलांच्या मासिकाकडे पाठवून दिला. संपादकांचं उत्तर आलं की दर महिन्याला छापू, पण थोडे बदल करा. ओव्हरऑल काढून घट्ट पोशाख द्या, हेल्मेटऐवजी मोकळे केस दाखवा आणि सोबतीला एक शूर भाऊ घ्या. मला फक्त छापील पानावरचं माझं चित्र दिसत होतं. मी सगळ्याला हो म्हटलं. दर महिन्याला भाऊ मोठा होत गेला आणि क्रेनदीदी मागे सरकत गेली. पाचव्या भागात भाऊ आगीत उडी घेतो आणि ती कोपऱ्यात तोंड झाकून रडते. ते चित्र मीच काढलं होतं.

तो अंक बाबांनी पाहिला. "हे कावून रडून राहिली?" त्यांनी विचारलं.

"आग लागली ना, बाबा."

"आग तं आमच्या इथं रोजच असते. खाली माणसं काम करून राह्यते. क्रेनवरच्यानं डोये झाकले तं त्याइचं काय होईन?"

ते रागावले नव्हते. अंक खाली ठेवून हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी मी संपादकांना कळवलं की यापुढे मी काढणार नाही. त्यांनी दुसरा चित्रकार घेतला. तीन महिन्यांत मालिका बंद पडली. तिच्याबद्दल कुणी विचारलंच तर मी विषय बदलायची.

पुढे मी एका खासगी शाळेत चित्रकला शिकवू लागले. काही वर्षांपूर्वी भिलाईतल्याच खुर्सीपार वस्तीतल्या एका वाचनालयात रविवारी मुलींना शिकवायला जाऊ लागले. बहुतेक कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांच्या मुली. एकदा त्यांना चित्रकथा कशी असते हे दाखवायला म्हणून तो पहिला झेरॉक्स अंक घेऊन गेले. कौतुकाची थोडी अपेक्षा होती, खोटं कशाला सांगू.

पहिल्या पानावरच एका मुलीने बोट ठेवलं. तिची आई कारखान्यात उंचावर साफसफाईचं काम करायची. "दीदी, इसका बेल्ट किधर है? मम्मी बोलती है, ऊपर जाओ तो बेल्ट लगाओ."

"पर ये तो उड़ती है," मी म्हटलं.

"थक गई तो?"

त्यावर सगळ्याच तुटून पडल्या. बूट चुकीचे आहेत, हातमोजे कुठे आहेत, हिचा डबा कोण बनवतं? नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीत मामा असलेल्या एकीला क्रेनदीदी तिकडे न्यायची होती. चुनखडीला चुंबक लागत नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "तो हाथ से उठाएगी."

वर्षभर आम्ही मिळून तिला नव्याने काढलं. गावातल्याच एका छापखान्याने पुस्तक छापलं आणि वाचनालयातच त्याचा छोटा कार्यक्रम झाला. पहिली प्रत बेल्टवाल्या मुलीच्या आईच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "बेल्ट का हुक सही जगह लगा है." इतका नेमका अभिप्राय मला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

मग बाबांनी मनावर घेतलं. निवृत्त झालेले होते, वेळ होता. "मराठीत पायजे," म्हणाले आणि स्वतःच वहीत संवाद उतरवायला बसले. त्यांची क्रेनदीदी आमच्या घरासारखं बोलू लागली, "मले" आणि "तुले" म्हणू लागली. नागपूरच्या प्रकाशकाला पुस्तक आवडलं, पण भाषा शुद्ध करून द्या, असं त्यांनी फोनवर सुचवलं.

माझ्या तोंडून पटकन "बघते" निघणार होतं. "नाही," मी म्हटलं. "ती अशीच बोलते. छापायचं तर असंच छापा."

"कळवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. आठ दिवस काहीच कळलं नाही. बाबांना मी सांगितलंही नव्हतं. नवव्या दिवशी फोन आला की तसंच छापतो.

गेल्या महिन्यात प्रती आल्या. खोका उघडून पहिली प्रत मी बाबांना दिली. ते चष्मा लावून व्हरांड्यात बसले आणि शेवटच्या पानापर्यंत वाचत गेले. मग पेन्सिल मागवली, अकराव्या पानावरच्या एका चुकलेल्या वेलांटीभोवती गोल केला आणि पुस्तक माझ्याकडे दिलं.

"दुसऱ्या आवृत्तीत हे सुधारजो," ते म्हणाले.