अनुमोदक अक्काताई

अक्काताई चौगुले ग्रामपंचायतीला उभी राहिली ती माझ्यामुळं. माझी पिठाची गिरणी, तिचं घर शेजारी. बायकांसाठी जागा राखीव झाली आणि मी तिच्या मागंच लागलो. दळणाला आलेल्या माणसाला गावच्या कारभाराचे धडे द्यायची मला भारी हौस. स्वतः उभं राहायची हिंमत मात्र कधी झाली नाही.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेकाठी. पूर आला की सगळ्या गावाची जनावरं वरच्या माळावर, गायरानात नेऊन बांधायची. एकोणीसच्या पुरात अक्काताई दोन म्हशी घेऊन अकरा दिवस तिथंच होती. हाच माळ सरपंच उदयसिंहांना आपल्या संस्थेच्या कॉलेजसाठी हवा होता. "माळ सोडायचा न्हाय," एवढंच सांगून तिनं मतं मागितली आणि निवडून आली. गावाला तेव्हा ती लई आवडली होती.

पहिल्या मासिक सभेला निघाली, तेव्हा चालू गिरणी बंद करून मी तिला शहाणपण शिकवलं. "गेल्या गेल्या हजेरीची सही कर बघ. सही न्हाय तर तू आलीसच न्हाय म्हणतील."

"करतो की अण्णा," ती म्हणाली.

तिनं गेल्या गेल्या सही केली. वहीचं पान वर कोरं होतं, खाली सदस्यांची नावं. माळाचा विषय निघाला तशी ती उठली. "मग जनावरं काय डोक्यावर घिऊन हिंडायची?" तिचा आवाज गिरणीपर्यंत आला, असं मी पुढं आठवडाभर सांगत होतो. खरं तर आला नव्हता. सरपंच हसून म्हणाले, "ताईंचं म्हणणं लिहून घ्या." चहा झाला, सभा संपली. त्या दिवशी तिनं शिरा केला आणि मलाही वाटीभर पाठवला.

चार महिन्यांनी माळावर कुंपणाचे खांब आले. हरकतीचा अर्ज घेऊन आम्ही दोघं कोल्हापूरला कलेक्टर कचेरीत गेलो. कारकुनानं फाईल काढून ठरावाची नक्कल पुढं केली. गायरान संस्थेला देण्यास मंजुरी. सूचक म्हणून सरपंचांच्या पुतण्याचं नाव. अनुमोदक, अक्काताई चौगुले. सर्वानुमते मंजूर. खाली तिची सही.

"ही तुमचीच का?"

"सही माझीच हाय. पण मी न्हाय म्हटलो व्हतो की."

"तसं यात कुठं लिहिलेलं नाही, ताई." माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला पाणी दिलं.

गावात तिनं दारोदार सांगितलं. लोक ऐकून घेत आणि तिची पाठ वळली की म्हणत, "उगंच कोण सही करतंय व्हय?" पुढं ती सांगायचीही थांबली.

पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं. माळाला भिंत होती, फाटकाला कुलूप. सगळ्यांची जनावरं डांबरी रस्त्याच्या कडेला बांधली. सकाळी एका ट्रकनं चिमणाबाईची गाभण म्हैस उडवली. ती पुन्हा उठलीच नाही.

चिमणाबाई सगळ्यांसमोर अक्काताईकडं बोट करून ओरडली, "हिच्या सहीनं गेली माझी म्हस!"

अक्काताईनं माझ्याकडं बघितलं. सही करायला मी सांगितलं होतं, हे चारचौघांत बोलायची तीच वेळ होती. मला गावाची भीती वाटली. मी माझ्या म्हशीचं दावं घट्ट करत राहिलो.