फायनलची दही-साखर

आमची नात अंडर-फोर्टीन मुलींच्या संघातून गेलिक फुटबॉल खेळायची. या आयरिश खेळाला फुटबॉल का म्हणतात कोण जाणे, निम्मा वेळ चेंडू हातातच असतो. आमच्या यांना मात्र खेळ पहिल्याच मॅचला कळला. चेंडू जाळ्यात गेला की तीन गुण, दांडीवरून गेला की एक, असं हे मला दर वेळी समजावत आणि मी दर वेळी विसरत असे.

मॅचेस ऑकलंडला असायच्या. घरून, हॅमिल्टनहून गाडीने निघताना हे मांडीवर दह्याचा डबा घेऊन बसायचे. हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय नातीला मैदानात जाऊ देत नसत. तिला आधी लाज वाटायची. मग बाकीच्या मुलीही ग्लोव्हज काढून तळहात पुढे करू लागल्या आणि यांचा भाव भलताच वधारला. सगळ्यांना देऊन झालं की डब्यातला शेवटचा चमचा हे स्वतः खायचे. यांना डायबेटिस होता. मी मुद्दाम मैदानाकडे तोंड करून उभी राहायचे. मला काही माहीत नाही, अशी यांची समजूत.

संघ चॅम्पियनशिपच्या फायनलला पोचला आणि त्याच आठवड्यात हे बाथरूममध्ये पडले, ते उठलेच नाहीत.

मला रडू आलं नाही. क्रिमेटोरियममध्ये नाही, घरी आल्यावरही नाही. लोक जेवणाचे डबे आणायचे, मी ते घासून परत करायचे. आईला शॉक बसलाय, असं मुलगा सुनेला हळूच सांगत होता. शॉक कसला, मला काही वाटतच नव्हतं. इतक्या वर्षांचा संसार आणि आत नुसता ठणठणाट. त्याचीच भीती वाटायची.

तेरावं व्हायचं होतं. सुतकात खेळ कसले, असं मुलाचं म्हणणं. नात किट बॅग दाराशी ठेवून तिच्याशेजारी बसून राहिली. शेवटी मीच म्हटलं, जाऊ दे तिला, मीपण येते. दही मात्र घेतलं नाही. सुतकात गोड करत नाहीत.

मैदानावर मुली माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ग्लोव्हज काढले आणि रांगेने तळहात पुढे केले. सुतक त्यांना कोण सांगणार? एकीची आई धावत कोपऱ्यावरच्या डेअरीत गेली आणि योगर्टचा डबा घेऊन आली. स्ट्रॉबेरीचं, गुलाबी.

मुलगा कानाशी येऊन म्हणाला, "आई, सुतक आहे. गोड आहे ते."

"असू दे," मी म्हटलं आणि चमचा घेतला.

एकेकीच्या हातावर ठेवत गेले. हात आपोआप चालत होता. शेवटी नात आली. तिने तळहात चाटला, ग्लोव्ह चढवला आणि पळाली.

तळाशी चमचाभर उरलं होतं. मी डबा बाकावर ठेवला आणि सवयीने मैदानाकडे तोंड करून उभी राहिले. मॅच सुरू झाली. चेंडू दांडीवरून गेला, लोक ओरडले. एव्हाना यांचं खाऊन झालं असेल म्हणून मी वळले.

योगर्ट तसंच होतं. तेव्हा मला रडू फुटलं.